सॅक्सोफोनचा आवाज आटोक्यात ठेवायचा तर

शाळेच्या बँडची रिहर्सल कुठलीही असो, शिकवणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: "सॅक्सोफोन, आवाज कमी!" पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. मुलं फुंक कमी करतात. दोन-चार बार आवाज खरंच उतरतो, पण सूर ढिला पडतो, खालचे स्वर फुटतात किंवा लागतच नाहीत, आणि पान उलटेपर्यंत सगळं पुन्हा मूळ पदावर आलेलं असतं. मुलांनी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. सांगितलं तेवढं त्यांनी केलं, सांगणंच अपुरं होतं. आवाज कमी करताना या वाद्याच्या आत नेमकं काय घडतं, हे मुलांना एकदा नीट समजावून सांगितलं, तर रोज तेच वाक्य ओरडण्याची वेळ फार कमी वेळा येते.

सॅक्सोफोनचा जन्मच मोठ्या आवाजासाठी झाला आहे. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन वाद्यकारागिराने १८४० च्या दशकात हे वाद्य घडवलं आणि १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने लष्करी बँड होते. उघड्या मैदानात पितळी वाद्यांपुढे क्लॅरिनेट, बासरी यांचा निभाव लागत नसे. बोटांना क्लॅरिनेटसारखी चपळाई आणि आवाजाला पितळी वाद्याचं बळ, असा मेळ त्याला हवा होता आणि तो त्याने साधला. मैदानासाठी तयार केलेलं तेच वाद्य आपण आज चार भिंतींच्या खोलीत, अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती, फ्लूटच्या शेजारी बसवतो. मुलांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

आता रीडकडे, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीकडे वळू. माउथपीसच्या (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागाच्या) टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये एक फट असते. आल्टो सॅक्सोफोनच्या (टेनर आणि बॅरिटोन हे त्याहून मोठे, खालच्या आवाजाचे प्रकार) साध्या, शिकाऊ माउथपीसवर ती जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर असते. आपण फुंकतो तेव्हा तोंडातल्या हवेचा दाब रीडला आत ढकलतो, रीडचा स्वतःचा ताण तिला परत बाहेर आणतो, आणि नळीतली हवा या ये-जा करण्याला एक लय लावून देते. ती लय म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा स्वर.

इथे दोन मर्यादा आहेत. दाब फार वाढला तर रीड माउथपीसला चिकटते आणि फट पूर्ण बंद होते. दाब फार कमी झाला तर रीड थरथरतच नाही, नुसती हवा फुसफुसत जाते. भौतिकशास्त्रातल्या सोप्या गणिताप्रमाणे फट बंद करायला जेवढा दाब लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश दाब असेल तरच स्वर सुरू होतो. म्हणजे खालची मर्यादा शून्यापासून बरीच वर आहे. "कमी फुंका" असं सांगितलं की मुलं दाब उतरवतात, या मर्यादेच्या काठावर येतात आणि तिथे स्वर डळमळायला लागतो. एखाद्याचा स्वर विझतो, दुसऱ्याचा सूर उतरतो, तिसऱ्याचा स्वर दचकून वरच्या सप्तकात उडी मारतो.

आवाज कमी करायचा तर दाब टिकवून हवेचं प्रमाण कमी करावं लागतं. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड अंगठ्याने थोडं दाबलं की पाणी कमी येतं, पण त्याचा जोर टिकून राहतो. सॅक्सोफोनवर अंगठ्याचं हे काम ओठ करतात. ओठांची पकड सगळ्या बाजूंनी गोल आणि किंचित घट्ट होते, फट थोडी अरुंद होते, आणि पोटातून येणारा आधार तसाच राहतो. दाब थोडा उतरतोच, पण हवेचं प्रमाण त्याहून बरंच जास्त उतरतं. फट अरुंद झाली की स्वर सुरू व्हायला लागणारा दाबही कमी होतो, हा आणखी एक फायदा. म्हणूनच हलकं वाजवताना पोटाचे स्नायू जोरात वाजवण्याइतकेच, कधी जरा जास्तच, कामाला लागतात. मुलांना हे उलटं वाटतं. मोठा आवाज म्हणजे कष्ट आणि छोटा आवाज म्हणजे विश्रांती, अशी त्यांची समजूत असते. ती पहिल्या वर्षीच मोडली पाहिजे.

नुसता दाब आणि हवा एवढ्यावर गोष्ट संपत नाही. हलकं वाजवताना रीड थरथरते, पण माउथपीसला पूर्ण टेकत नाही. आवाज गोल आणि मऊ निघतो, त्यात वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबतच उमटणारे उंच स्वर, थोडे असतात. फुंक वाढवत नेली की एका टप्प्यानंतर रीड प्रत्येक फेरीत माउथपीसवर आपटून फट क्षणभर बंद करू लागते. त्या आपटण्याने वरच्या उपस्वरांची गर्दी होते आणि आवाजाला धार येते. आल्टो सॅक्सोफोनचे मूळ स्वर साधारण १३९ ते ८३१ हर्ट्झच्या दरम्यान असतात. आपला कान मात्र २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि धारदार आवाजातले उपस्वर नेमके त्याच पट्ट्यात जाऊन बसतात. त्यामुळे मीटरवर आकडा फारसा हलला नाही तरी धार आलेला सॅक्सोफोन अख्ख्या बँडच्या वर तरंगताना ऐकू येतो. माझ्या मते शाळेच्या बँडमधल्या निम्म्याहून अधिक तक्रारी या धारेच्या असतात, आवाजाच्या म्हणून त्या नोंदल्या जातात एवढंच.

ही धार कुठून येते ते शोधायचं तर आधी माउथपीस पाहावा. जॅझसाठी बनवलेल्या काही माउथपीसमध्ये आतला उतार उंच असतो आणि टोकाची फटही मोठी असते. तो एकट्याने, मायक्रोफोनपुढे शोभतो, पण कॉन्सर्ट बँडमध्ये तो एक मुलगा बाकी साऱ्यांना झाकून टाकतो. बँडसाठी मध्यम फटीचा, साध्या काळ्या रबराचा किंवा चांगल्या रेझिनचा माउथपीस पुरतो. रीडचंही तसंच आहे. फार मऊ रीड पटकन किणकिणते. फार कडक रीड थरथरायलाच जास्त दाब मागते, मग मूल हलकं वाजवू शकतच नाही. बहुतेक शिकाऊ मुलं दोन किंवा अडीच नंबरच्या रीडवर असतात आणि तिथे असलेलंच बरं. टोक तुटलेली, महिनोन्महिने एकच वापरलेली रीड फेकून द्यावी. तिच्यावर आवाजाचा ताबा शिकणं कुणालाच जमणार नाही.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती म्हणजे गळती. पॅड, म्हणजे नळीवरची छिद्रं झाकणारी गादी, नीट बसत नसेल तर त्या फटीतून हवा निसटते, आणि खालचा स्वर काढायला मुलाला छाती फुटेस्तोवर फुंकावं लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा मुद्दाम जोरात वाजवतोय. शाळेची वाद्यं अनेक हातांतून गेलेली असतात. केसमधून काढताना कुणी नळीवरच्या रॉडना धरून उचलतं, कुणी नेक (वरची वाकडी नळी) बसवताना ऑक्टेव्ह कीच्या (सप्तक बदलणाऱ्या कळीच्या) कड्यावर जोर देतं आणि ते कडं वाकतं. एवढंसं वाकणं पुरेसं असतं.

तपासायला फार काही लागत नाही. पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, अगदी सिगारेटचा कागदही चालतो. पॅडखाली एका बाजूने सरकवा, त्या पॅडची कळ नेहमीच्या जोराने दाबा आणि पट्टी हळूच ओढा. ओढताना अडकल्यासारखी वाटली पाहिजे. मग तीच पट्टी पॅडच्या दुसऱ्या बाजूला, पुढे, मागे. एका बाजूला अडकते आणि दुसऱ्या बाजूने सहज निसटते, तिथे गळती आहे. दुसरी चाचणी याहून सोपी आहे: खालचा डी वाजवत असताना डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबायची. स्वर तसाच राहिला पाहिजे, कारण उजव्या हाताच्या कींनी जी शार्पचं पॅड बंद धरून ठेवायचं असतं. स्वर फुटला, खाकरला किंवा बंद पडला, तर त्यावरचा बारीक स्क्रू हलला आहे किंवा त्याखालचा कॉर्क झिजला आहे. जाणत्या कारागिराचं हे काही मिनिटांचं काम असतं. ते झाल्यावर त्या मुलाचा खालचा डी किती कमी हवेत निघतो हे ऐकलं, की इतके दिवस आपण कोणाला रागावत होतो असा प्रश्न पडतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी वाद्य, मग रीड, आणि सर्वांत शेवटी मूल.

वाद्य धडधाकट असलं तरी अगदी खालचे स्वर, म्हणजे सी, बी आणि बी फ्लॅट, हलक्या आवाजात काढणं कठीणच असतं. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी आहे. या खालच्या स्वरांवर नळीचा पहिला अनुनाद (नळीतली हवा ज्या स्वराला आपसूक साथ देते त्यांतला सर्वांत खालचा) दुसऱ्यापेक्षा दुबळा पडतो. जोरात वाजवताना अनेक उपस्वर मिळून खालच्या स्वराला उचलून धरतात. हलक्या आवाजात ते उपस्वर क्षीण होतात, सगळा भार त्या दुबळ्या पहिल्या अनुनादावर येतो, आणि स्वर सटकून एक सप्तक वर जातो. तेव्हा खालचा स्वर जोरात वाजवणं हा मुलाचा आडमुठेपणा नसतो, त्याला सापडलेला तो एकमेव मार्ग असतो. थोडी मोठी मुलं जबडा किंचित खाली सोडून, खालचा ओठ रीडवर जास्त पसरून हे स्वर मऊ काढायला शिकू शकतात. त्याला सबटोन म्हणतात. तसा आवाज थोडा हवेशीर येतो, पण गरज पडली की चालून जातो.

सराव कसा घ्यायचा? मधला जी घ्या, डाव्या हाताची तीन बोटं. मेट्रोनोम ६० वर. आठ ठोके मध्यम आवाजात सरळ धरायचा, पुढच्या आठ ठोक्यांत अगदी बारीक करत न्यायचा, आणि त्याच वेळी समोर ट्यूनर ठेवायचा. आवाज उतरताना काटा वर चढला तर मूल रीड दातांनी चावतंय. काटा खाली गेला तर पोटाचा आधार सुटलाय. काटा जागेवर आणि आवाज कमी, असं ज्या दिवशी जमेल त्या दिवशी त्या मुलाला हलकं वाजवता यायला लागलं. दुसरा सराव जीभ न लावता: नुसती हवा सोडायची, फुसफुस ऐकायची, ती हळूहळू वाढवायची आणि ज्या क्षणी स्वर लागतो तिथेच थांबायचं. सगळ्यात लहान आवाज कुठे सुरू होतो हे मुलाला यातून स्वतःच्या अंगाने कळतं. नंतर तिथेच जीभ लावायला शिकवावं, "टु" ऐवजी "डु" म्हटल्यासारखी. स्वराचा पहिला क्षण टणक आला तर पुढचा सगळा स्वर हलका असूनही कानाला मोठा वाटतो.

मूल चावतंय का, हे पाहण्याची आणखी एक जुनी युक्ती आहे. माउथपीस वाद्यापासून काढून नुसता वाजवायला सांगा. आल्टोचा माउथपीस साधारण ८८० हर्ट्झच्या ए स्वरावर यायला हवा, टेनरचा त्याखालच्या जी वर. बराच वर येत असेल तर जबड्याचा दाब जास्त आहे. तो आधी सोडवा, आवाजाचं काम नंतर.

चावण्यामुळे होणारं नुकसान एकट्या सॅक्सोफोनपुरतं राहत नाही. रीडची वाद्यं हलकी वाजवताना सहसा सुरात वर सरकतात आणि फ्लूट हलकी वाजवताना खाली. म्हणजे बँडला शांत जागा आली की दोघं एकमेकांपासून दूर जातात, आणि बेसूर झालेले स्वर कानाला जास्त टोचतात. शिकवणारा पुन्हा म्हणतो, आवाज कमी करा, आणि मुलं आणखी चावतात. अशा वेळी आवाजाविषयी काहीच न बोलता दोन फ्लूट आणि दोन सॅक्सोफोन यांना एकच स्वर धरायला लावून सूर जुळवून घ्यावा. सूर जुळला की आवाज आपसूक कमी वाटतो.

संख्येबद्दल एक गैरसमज आहे. सॅक्सोफोन मुलांचा लाडका असतो, त्यामुळे एखाद्या बँडमध्ये आठ-दहा सॅक्सोफोन आणि तीन-चार फ्लूट असा प्रकार सर्रास दिसतो. पण आवाज बेरजेने वाढत नाही. एकाचे दोन सारखे वाजवणारे झाले की ३ डेसिबल वाढतात, दोनाचे चार झाले की आणखी ३. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे एकाच्या जागी दहा जण. त्यामुळे अर्धे सॅक्सोफोन थांबवले तर फरक पडतो, पण अपेक्षेपेक्षा कमी. तरीही नाजूक जागी प्रत्येक पार्टवर एकालाच वाजवायला सांगणं मला आवडतं. सहाचे दोन झाले की जवळजवळ ५ डेसिबल तर नक्की उतरतात, आणि सूर स्वच्छ होतो. बाकीच्यांना ती जागा ऐकायला मिळते, त्याचाही उपयोग होतो. पाळीपाळीने थांबवलं तर कुणाला डावलल्यासारखं वाटत नाही.

बेलमध्ये कापड कोंबण्याचा उपाय मात्र सोडून द्यावा. ट्रम्पेटचा सगळा आवाज बेलमधून येतो म्हणून तिथे म्यूट चालतो. सॅक्सोफोनचा बराचसा आवाज नळीवरच्या उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो, आणि बेल खऱ्या अर्थाने कामाला येते ती सर्वांत खालच्या स्वरांसाठी. कापड कोंबलं की मधले आणि वरचे स्वर होते तसेच राहतात, आणि आधीच अवघड असलेले खालचे स्वर बिघडतात.

खोली आणि बसण्याची जागा यांचाही हात असतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. बँडमध्ये हेच वाद्यांचं होतं. शेजारच्या ड्रममुळे स्वतःचं वाजवणं ऐकू येईना की मूल जोर लावतं, त्याच्यामुळे पुढचा जोर लावतो. त्यात सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात आणि बराचसा आवाज त्याला हाडांतून पोहोचतो, त्यामुळे बाहेर तो कसा जातोय याचा त्याचा अंदाज चुकतो. म्हणून सॅक्सोफोनना ड्रमपासून दूर बसवा आणि उघड्या भिंतीला पाठ लावून बसवू नका. खोलीत जाड पडदे लावता आले तर उत्तम. प्रेक्षक बसतात तिथे मोबाइल ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मोबाइल एकूण आवाज आपोआप वरखाली करतो, पण त्या क्षणी कोणतं वाद्य कोणाला झाकतंय हे स्पष्ट कळतं. ते मुलांना ऐकवा. दहा वेळा सांगून जे होत नाही ते एकदा ऐकून होतं.

कानांचं भानही हवं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कामाच्या जागेसाठी दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. छोट्या खोलीत पूर्ण बँड जोरात वाजू लागला की ९० चा आकडा लांब नसतो. सॅक्सोफोनच्या पुढच्या रांगेतल्या मुलांना संगीतासाठीचे इअरप्लग द्यावेत किंवा दोन रांगांत अंतर ठेवावं.

राहिला स्वरलेखनाचा भाग. कॉन्सर्ट बँडच्या रचनांमध्ये आल्टोला बरेचदा हॉर्नचेच स्वर दिलेले असतात, टेनरला युफोनियमचे, बॅरिटोनला ट्युबाचे. अशा जागी सॅक्सोफोनने त्या वाद्याच्या आवाजात मिसळायचं असतं, त्याच्या पुढे जायचं नसतं. अमेरिकी संगीतकार डब्ल्यू. फ्रान्सिस मॅकबेथ यांनी रूढ केलेली पिरॅमिडची कल्पना इथे कामाची आहे: खालची वाद्यं भक्कम, वर जावं तसा आवाज बारीक. तिच्यानुसार बॅरिटोनला मोकळीक असते आणि पहिल्या आल्टोने सर्वांत जपून वाजवायचं असतं. मुलांना त्यांच्या पानावर पेन्सिलीने लिहून द्या, इथे हॉर्न ऐकू आला पाहिजे. "पियानो" (हलकं वाजवा) या खुणेपेक्षा त्याने जास्त काम होतं, कारण तिथे कानाला करायला काहीतरी दिलेलं असतं.

आणि सगळं करूनही आल्टोचा खालचा बी फ्लॅट एखाद्या शांत जागी फुटतच असेल, तर पान बदला. एकच लिहिलेला स्वर आल्टो आणि टेनरवर वेगवेगळ्या उंचीवर वाजतो, त्यामुळे कानाला येणारा तोच स्वर टेनरच्या पानावर ई फ्लॅट म्हणून लिहिता येतो. टेनरला तो तळापासून बराच वर पडतो आणि त्या मानाने सहज, हलका निघतो. आल्टोला तेवढे बार विश्रांती द्या, आणि त्या मुलाचा बी फ्लॅट घरच्या सरावासाठी राखून ठेवा.